इंजेक्शनचं नंतर बघू, आधी तो मेडिक्लेमचा फॉर्म काढा

पत्र चाकणहून आलंय, थोडक्यात देते. वय ४३, इन हँड ९२ हजार, होम लोनचा ईएमआय ३६ हजार आणि अजून ३८ लाख बाकी, बायको घरी असते, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. वजन १०४ किलो, उंची पाच फूट सात इंच, शुगर चार वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.१. एका स्लिमिंग क्लिनिकने वजनाच्या इंजेक्शनचं तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलंय, १,३५,००० रुपये, नो कॉस्ट ईएमआयवर महिना ११,२५० बारा महिने, आणि "वीस किलो नक्की". बुकिंगचे ५,००० भरूनही झालेत. पुढे त्यांच्याच शब्दांत: "ताई, यासाठी १० हजारांची एसआयपी वर्षभर थांबवू का? की मेडिक्लेममध्ये बसेल? तशी मेडिक्लेममध्ये शुगर लिहिलेली नाही, एजंट म्हणाला प्रीमियम वाढेल. टर्म पॉलिसी (निव्वळ आयुर्विमा) पण घ्यायचीय, पण वजन उतरलं की स्वस्त पडेल म्हणून थांबलोय. बँकेतून घेतलेली एक गॅरंटीड पॉलिसी आहे, वर्षाला १ लाख, त्यामुळे कव्हर तसं आहेच."

दादा, तुमच्या पत्रात १,३५,००० हा सगळ्यात कमी नुकसानीचा आकडा आहे. तरी आधी तोच उरकू, कारण तुम्ही तो विचारलाय.

तीन महिने म्हणजे आठवड्याला एक अशी बारा इंजेक्शनं. तुम्ही औषध लिहिलंय टिर्झेपेटाइड. ते भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ एमजीची वायल ३,५०० ला होती आणि ५ एमजीची ४,३७५ ला, नंतर औषधांवरचा जीएसटी कमी झाल्यावर थोडं खालीच आलं. पहिला महिना २.५ आणि पुढचे दोन महिने ५ धरले, तर १४ हजार अधिक ३५ हजार, झाले ४९ हजार. उरलेले ८६ हजार कशाचे? डाएट चार्ट, पोटाला पट्टा लावायचं मशीन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "सर आज पाणी किती प्यालात" विचारणारी मुलगी. ८६ हजारांचा डाएट चार्ट मी तरी पाहिलेला नाही.

वीस किलोचं पण बघू. या औषधाची डायबिटीस असलेल्या लोकांवर वेगळी ट्रायल झालीय, सरमाउंट-२, त्यात ७२ आठवड्यांनी १० एमजीवर सरासरी वजन उतरलं १२.८ टक्के आणि १५ एमजीवर १४.७. डायबिटीस नसलेल्यांचे आकडे याहून चांगले आहेत आणि जाहिरातीत तेच फिरतात. तुमचे १०४ किलो, त्याचे तेरा टक्के म्हणजे साडेतेरा किलो, तेही दीड वर्षात आणि डोस वाढवत वाढवत. तुमचं पॅकेज संपतं ५ एमजीला, म्हणजे गाडी फर्स्ट गिअरमधून सेकंडला पडली की क्लिनिकवाले उतरणार आणि पुढचं पेट्रोल तुमचं.

आणि ते पेट्रोल संपवून चालत नाही, हेच कोणी सांगत नाही. सेमाग्लुटाइड हे याच प्रकारचं दुसरं औषध, त्याच्या स्टेप-१ ट्रायलमधल्या लोकांना औषध थांबवल्यावर वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्या वजनातलं सरासरी दोन-तृतीयांश परत आलेलं होतं. म्हणून हा १,३५,००० चा एकदाचा खर्च नाहीच, हा बीपीच्या गोळीसारखा दर महिन्याचा खर्च आहे, फक्त गोळीपेक्षा कितीतरी महाग. तो हप्ता दोन-चार वर्षं झेपत असेल तर सुरू करा, तीन महिने झेपतोय म्हणून सुरू करू नका.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही "तशी" म्हणून मधेच घातलंय. मेडिक्लेममध्ये शुगर लिहिलेली नाही.

पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची, शुगर चार वर्षांपूर्वीची, १० लाखांचं फ्लोटर, म्हणजे एकच कव्हर आणि चौघं त्यात. फॉर्म एजंटने त्याच्या टॅबवर भरला, तुम्ही फोनवर आलेला ओटीपी सांगितला आणि चहा प्यालात, बरोबर ना? तो ओटीपी म्हणजे तुमची सही. "डायबिटीस आहे का" या प्रश्नापुढे "नाही" हे एजंटचं उत्तर नाही, तुमचं आहे, आणि क्लेमच्या दिवशी एजंट फोन उचलत नाही.

माझ्याकडच्या एका क्लायंटचं सांगते, नाव-गाव सोडून. डेंग्यूने ॲडमिट झाले, रात्री अकरा वाजता, प्लेटलेट घसरत होत्या. ड्युटीवरच्या ज्युनियर डॉक्टरने नेहमीप्रमाणे हिस्टरी विचारली आणि बायकोने खरं तेच सांगितलं, शुगर आहे, पाच वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं "के-सी-ओ डीएम, पाच वर्षं". म्हणजे डायबिटीस आधीपासूनचा, पाच वर्षांचा. एवढीच ओळ. कॅशलेस नाकारलं, मग बिल भरून क्लेम टाकला तोही नाकारला, २ लाख ४० हजार खिशातून गेले आणि वर पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र आलं. डेंग्यूचा शुगरशी काय संबंध म्हणून ते माझ्यावर ओरडले. संबंध डेंग्यूचा नाही, फॉर्मवरच्या "नाही"चा आहे. आणि खोटं बोला असं मी त्यांच्या बायकोला सांगायचं का, जिचा नवरा समोर तापाने फणफणतोय?

तुमच्या बाबतीत तर गंमत अशी की तुम्ही हीच ओळ स्वतः नेऊन द्यायला निघालात. मेडिक्लेममध्ये बसेल का विचारताय. बसत नाही, कारण घरी घ्यायच्या औषधाला साधी पॉलिसी पैसे देत नाही, ओपीडी कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि वजन कमी करण्याच्या उपचारांवर पॉलिसीत स्टँडर्ड एक्सक्लूजन असतं, म्हणजे त्याचे पैसे मिळतच नाहीत, त्यातून सूट आहे ती ऑपरेशनला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४० च्या वर असेल तर किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार असतील तर. पण समजा तुम्ही "विचारून तर बघू" म्हणत बिलं पाठवली, तर सोबतच्या चिठ्ठीवर काय असणार? टाइप २ डायबिटीस, अमुक सालापासून. आपल्या हाताने पुरावा, तोही स्कॅन करून.

काही जण म्हणतील पाच वर्षं गप्प बसा, मग कंपनीला काही विचारता येत नाही. हा अर्धवट ऐकलेला नियम आहे. साठ महिन्यांचा मोरॅटोरियम, म्हणजे त्यानंतर लपवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही, हा आहे हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर तो लागू होत नाही, आणि रोज गोळी घेणाऱ्या माणसाने "नाही" लिहिलं तर त्याला विसरभोळेपणा म्हणायला कंपनी काही तुमची आत्या नाही. शिवाय तुमची अजून तीन वर्षं जायचीत, ८.१ च्या एचबीएवनसीवर.

मग करायचं काय? कंपनीला स्वतः लेखी कळवायचं, ईमेलने, एजंटमार्फत नाही. शुगर कधीपासून, गोळी कोणती, शेवटचा रिपोर्ट जोडून. कंपनी लोडिंग (जास्तीचा प्रीमियम) लावेल, किंवा शुगरसाठी वेटिंग टाकेल, म्हणजे तोवर शुगरचे क्लेम नाहीत, ते आता जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतं, किंवा पॉलिसी रद्द करेल. रद्द करेल हे ऐकून पोटात गोळा आला असेल, म्हणून आधी दोन-तीन दुसऱ्या कंपन्यांकडे शुगर लिहून प्रपोजल टाका, डायबिटीससकट पॉलिसी देणाऱ्या कंपन्या आहेत, दुसरी हातात आली की मग पहिलीला पत्र. आता २८ हजार भरताय, ३८-४० होतील असं धरून चाला. हे दहा-बारा हजार वाचवायला एजंटने तुमचे १० लाख पणाला लावले, आणि कमिशन त्याला मिळालंच.

बायको-मुलांना वेगळ्या पॉलिसीत काढता आलं तर अजून बरं. तुमच्या "नाही"मध्ये ती पण अडकलीयेत.

आता बँकेतली गॅरंटीड पॉलिसी. रिलेशनशिप मॅनेजरने "एफडीसारखंच" म्हणून दिली असणार, माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक पत्रात हाच शब्द असतो. वर्षाला १ लाख, दहा वर्षं, विसाव्या वर्षी २० लाख. दुप्पट ऐकायला छान वाटतं. पण पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात आणि दुप्पट होतात, ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ ७.१ देतंय. आणि "कव्हर तसं आहेच" म्हणताय ते कव्हर आहे १० लाखांचं. लोन ३८ लाखांचं. तुम्ही उद्या नसलात तर १० लाख बँक घेऊन जाईल आणि वर २८ लाख मागेल, घर विकूनच द्यावे लागतील, नववीतल्या मुलीचं काय ते मग बघा.

म्हणून टर्म वजन उतरल्यावर नाही, आत्ता. वजन दीड वर्षाने उतरेल, तोपर्यंत तुम्ही ४५ चे व्हाल आणि वयाचा प्रीमियम वाढलेला असेल, शुगर तर वजन उतरलं तरी फॉर्मवर लिहावीच लागणार. १ कोटीची घ्या, शुगर लिहून, वजन खरं सांगून, मेडिकल टेस्ट होऊ दे. लोडिंग लागेल. दिवाळीला ६० हजार बोनस येतो लिहिलंय, पहिला हप्ता त्यातून. एखादी कंपनी म्हणेल आधी एचबीएवनसी खाली आणा मग या, तर दुसरीकडे जा.

टर्म हातात आली की मग त्या गॅरंटीडचा पुढचा हप्ता भरू नका. तीन हप्ते गेलेत, कंपनीकडून पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर) आणि सरेंडर (आत्ताच मोडली तर) दोन्ही आकडे लेखी मागवा आणि मला पाठवा, कुठलं बरं ते आकडे बघून सांगते. पण टर्म यायच्या आधी थांबवू नका, तुटपुंजं का होईना तेवढंच कव्हर आहे. आणि हो, त्या गॅरंटीडच्या फॉर्मवरही शुगरच्या रकान्यात काय टिक केलंय ते बघून ठेवा. लाइफ पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला ती कुठल्याही कारणाने उकरता येत नाही, तुमची तारीख नेमकी कुठे पडतेय ते पॉलिसी बाँडवर असेल.

या सगळ्यातून इंजेक्शनचं उत्तर आपोआप निघतं. तो १ लाख थांबला की महिन्याला सव्वाआठ हजार मोकळे होतात, एसआयपीला हात लावायची गरजच नाही. बीएमआय ३६ आणि सोबत बेतात न राहणारी शुगर, म्हणजे हे औषध ज्यांच्यासाठी आहे त्यातलेच तुम्ही, हौस म्हणून दोन-तीन किलोसाठी घेणारे नाही. पण ते ठरवणार एंडोक्रिनॉलॉजिस्ट (शुगर-हार्मोनचे डॉक्टर), तुमचे रिपोर्ट बघून, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, घरात थायरॉइडचा कॅन्सर होता का, हे विचारून. क्लिनिकने यातलं काही विचारलं का? तुम्ही तर लिहिलंय वजनकाट्यावर उभं केलं आणि थेट ईएमआयचा फॉर्म पुढे केला.

टिर्झेपेटाइडचे वरचे डोस महिन्याला वीस हजारांच्या पुढे जातात, ते तुम्हाला झेपणारं नाही, डॉक्टरना हे स्पष्ट सांगा, लाजू नका. सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ मध्ये संपलं, त्याचे देशी पर्याय खूप स्वस्त पडतात, तुमच्या शुगरला ते चालेल का हे त्यांना विचारा आणि डोस वाढल्यावर भाव काय होतो हे केमिस्टला. तपासण्या धरून आठ हजारांत बसलं तर घ्या. नाही बसलं तर डॉक्टर शुगरसाठी दुसरं काय ते बघतील, कर्ज काढून हे सुरू करायचं नाही.

क्लिनिकला आजच मेसेज टाका, पॅकेज नको, आणि ईएमआयचं लोन मंजूर झालं असेल तर ते रद्द केल्याचं लेखी घ्या, पहिलं इंजेक्शन टोचून घ्यायच्या आत. बुकिंगचे ५,००० मागून बघा. बहुतेक देणार नाहीत.