डब्यातले पैसे आणि ओसरीतला कापूस

धुळ्याहून, देवपूरमधून एका ताईचं चार पानी पत्र आलंय. सगळं देत नाही, नाव तर नाहीच, मुद्द्याचं तेवढं तिच्याच शब्दांत देते.

"मावशी, मिस्टर एमआयडीसीत स्टोअरला आहेत, हातात ३६ हजार येतात. ७ हजार भाडं, दोन मुलं शाळेत. शिंदखेडा तालुक्यात सासरची ६ एकर कोरडवाहू जमीन, सासरे आणि दीर बघतात. घरात नोकरीवाला हा एकटाच, म्हणून दर महिन्याला गावी काही ना काही जातंच, कधी ५ हजार कधी १२. मी घरी पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते, ४-५ हजार सुटतात. त्यातले आणि किराण्यातून मागे टाकलेले असे सहा वर्षांत १ लाख ४२ हजार जमलेत. मिस्टरांना माहीत नाही. ४० हजार भिशीत, ७० हजार पतसंस्थेत, ३२ हजार घरात ज्वारीच्या कोठीत. आता पेरणीसाठी गावाहून ८० हजार मागितलेत. मिस्टर म्हणतात तुझी सोन्याची पोत गहाण ठेवू, दिवाळीत कापूस निघाला की सोडवू. मागच्या वर्षीचा निम्मा कापूस अजून ओसरीत पडून आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गेलो तर बसायला जागा नाही, मुलांच्या अंगाला नुसती खाज. सांगितलं तर पैसे जातील, नाही सांगितलं तर पोत जाईल. मी चोर आहे असं वाटतं. झोप लागत नाही. पुढच्या आठवड्यात सासूबाई येणार आहेत धान्य वाळवायला."

अगं माय वं, आधी ते चोर वगैरे डोक्यातून काढ. रात्री दहापर्यंत मशीनवर बसून तू फॉल लावलेस त्याचे पैसे हे, आणि किराण्यातले म्हणशील तर ते तुम्ही चौघं कमी खाल्लात म्हणून उरले, कोणाच्या खिशात हात घातला नाहीस. आपल्याकडे ज्या बाईचा डबा नाही अशी बाई मला दाखव, मी तिला साडी नेसवीन.

माझ्या आईचा डबा मिरच्यांचा होता. २०१६ च्या नोव्हेंबरात ८ तारखेला ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या ना, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आई काहीच बोलली नाही, तिसऱ्या दिवशी वाळल्या मिरच्यांचा डबा चुलीपाशी पालथा केला आणि खालून फडक्यात बांधलेल्या ५०० च्या ४६ नोटा निघाल्या. २३ हजार. बँकेत मी सोबत गेले होते, पूर्ण रांग बायकांची, कोणाच्या नोटांना हिंगाचा वास, कोणाच्या डांबरगोळ्यांचा, आणि आमच्या नोटा मोजताना तो कॅशियर बिचारा सारखा शिंकत होता, शेवटी त्याने तोंडाला रुमालच बांधला. घरी आल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "तुले मन्हावर भरवसा नव्हता का वं?" आई भाकर थापता थापता म्हणाली, "तुम्हनावर व्हता, पानीवर नव्हता."

तुझं दुखणं तेच आहे, भरवसा नवऱ्यावर आहे, पावसापाण्यावर नाही. तुझा नवरा वाईट नाही, पत्रातच तू लिहिलंयस की तो दारू पीत नाही, तुझ्या शिलाईच्या पैशांना कधी हात लावत नाही, आणि त्याचा डिप्लोमा त्याच कापसावर झालाय. तो गावी पैसे पाठवतो ते भीतीने नाही, ओझ्याने पाठवतो. बापाने उन्हात काढलं म्हणून मी पंख्याखाली बसलो, हे ज्याच्या डोक्यात बसलं त्याला गावाहून फोन आला की नाही म्हणताच येत नाही, आणि या गोष्टीसाठी मी तरी त्याला नावं ठेवणार नाही. पण ओझं किती आहे हे त्याने कधी काट्यावर टाकून बघितलेलंच नाही.

म्हणून जरा माझ्यासोबत बस आणि हिशोब कर. ६ एकर. एकरी दोन पाकिटं धरली तरी बियाण्याची १२ पाकिटं, पाकीट साधारण ९०० ला, म्हणजे ११ हजारांच्या आत बियाणं. डीएपी खताची गोणी १,३५० ची, एकरी एक धर, ८ हजार झाले. नांगरटी, वखरणी, ट्रॅक्टर यांचे १२ हजार धर, गावात काय रेट चालू आहे तो दिराला विचार. ३०-३१ हजार झाले. निंदणी, फवारणी, वेचणी हे पुढचे खर्च आहेत, ते जूनमध्ये नाही लागत. मग ८० हजार कशाचे? वरचे जवळपास ५० हजार कुठे चाललेत?

सासरे खोटं बोलतायत असं मी म्हणत नाहीये. मला वाटतं तिथेही एक डबा आहे, फक्त त्यात पैसे नसून उधारी आहे. कृषी केंद्रावर मागच्या वर्षीची औषधांची बाकी असेल. नाहीतर दुसरंच, म्हणजे गावच्या शेतकरी सहकारी सोसायटीचं पीककर्ज. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं, हे सासऱ्यांना माहीत असणारच. पण फेडायला हातात पैसा नसतो म्हणून मार्च एंडला लोक काय करतात, गावातल्या कोणाकडून तरी शेकडा तीनने उचलतात, सोसायटीत भरतात, आणि सोसायटीने परत कर्ज दिलं की त्याचे त्याला नेऊन देतात. नवं-जुनं म्हणतात त्याला, तुला माहीतच असेल. पंधरा दिवसांत मिटलं तर ठीक, पण नवं कर्ज यायला उशीर झाला किंवा आलेलं दुसरीकडेच खर्च झालं तर ते शेकडा तीन चालूच राहतं, आणि शेकडा तीन ऐकायला छोटं वाटतं पण ते महिन्याचं आहे, वर्षाचे ३६ टक्के झाले. शून्य टक्क्याचं कर्ज टिकवायला ३६ टक्क्याचं कर्ज! आणि कर्ज थकलेलंच असेल, सोसायटी नवं देतच नसेल, तर मग दर जूनला तुझ्या नवऱ्याला फोन येणार हे ठरलेलं. हे विचारायला हवं, सरळ, बापाचा मान ठेवून, पण विचारायला हवं.

आता कापूस. ताई, चार पानांत तू हे एका ओळीत लिहून मोकळी झालीस आणि मी तिथेच अडकले. ओसरीत निम्मा कापूस पडलाय! किती असेल, १० क्विंटल? ७ हजारांचा भाव धरला तरी ७० हजार झाले. म्हणजे मागितलेली रक्कम जवळजवळ सगळी त्या ओसरीत पडलीये आणि तिच्यावर उंदीर पळतायत. वजन घटतंय, रंग पिवळा पडतोय, ठिणगी पडली तर विचारूच नको. तो विकत का नाहीत? तर २०२२ साली भाव १० हजारांच्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या पुढच्या वर्षी अख्ख्या खान्देशात लोकांनी त्याच आशेने घरं भरून ठेवली, खाटा अंगणात काढल्या, आणि भाव वर जायच्याऐवजी खाली आला. तरी आशा सुटत नाही, कारण शेतकऱ्याच्या हातात भाव नाही, थांबणं तेवढंच त्याच्या हातात आहे, ते मला कळतं, माझ्या माहेरीही हेच चालतं. पण थांबायला दम लागतो, आणि तुझ्या सासऱ्यांना तो दम तुझ्या नवऱ्याचा पगार देतोय. आता तुझी पोत देणार. कापसाचा भाव वाढेल या आशेवर तुम्ही कर्ज काढताय, असं आहे हे, फक्त कोणी असं बोलून दाखवत नाही.

पोतीबद्दल मी काही फार हळवी नाहीये. सोनं अडीनडीलाच असतं, आणि बँकेतलं सोनेतारण सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, शेजारणीने गळा बघितला आणि काय म्हणाली हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच आहे की सोडवणार कशातून? "दिवाळीत कापूस निघाला की" हे उत्तर चालणार नाही, कारण गेल्या दिवाळीत निघालेला कापूस आत्ता ओसरीत आहे.

तर सांगायचं का? सांग. पण पैसे आत्ता जसे आहेत तसे असताना नको, आधी त्यांची जागा बदल. पतसंस्थेतले ७० हजार मुदत बघून काढून घे, थोडं व्याज कमी मिळालं तरी चालेल. बँकेतल्या ठेवीला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं, आणि आपल्या भागात पतसंस्थांत अडकलेल्या पैशांसाठी हेलपाटे घातलेली म्हातारी माणसं तूही पाहिली असशील. ते ७० आणि कोठीतले ३२, सगळे तुझ्या एकटीच्या नावावर बँकेत एफडी कर. एकच मोठी करू नको, २५-२५ हजारांच्या तीन आणि उरलेली एक कर, म्हणजे गरज पडली तर सगळी मोडावी लागत नाही. भिशी चालू दे, मधेच सोडलीस तर बाकीच्या बायकांची पंचाईत, शिवाय महिन्यातून एकदा चहा-चिवडा आणि गावभरच्या गप्पा हा तिचा खरा फायदा आहे. नंबर लागला की उचल आणि पुढच्या वेळी लहान भिशी घे. त्यात कागद नसतो, भांडणाऱ्याला पुरावा नसतो, तेव्हा बुडाली तरी जेवण गोड लागेल एवढीच रक्कम टाकायची.

मग एखाद्या रविवारी मुलं खेळायला गेली की नवऱ्यापुढे पावत्या ठेव. रडू नको, माफी मागू नको. म्हण की हे आपल्या घराचं बियाणं आहे. तुमचा महिन्याचा खर्च, भाडं धरून, २५ हजारांच्या आसपास बसत असेल, म्हणजे नोकरी गेली, कोणी आजारी पडलं तर तीन महिने घर चालेल असे ७५ हजार हे आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही, त्याने नाही, तूही नाही, बियाण्याची ज्वारी दळायला टाकतं का कोणी? राहिलेले २७ हजार. त्यातून यंदा काही द्यायचं असेल तर तू स्वतः दे, सासऱ्यांच्या हातात, तुझ्या नावाने. हे मी मुद्दाम सांगतेय. आजवर त्या घरात तुझे पैसे जातायत पण देणारी म्हणून तुझं नाव कुठेच नाही.

तो चिडेल. दोन दिवस बोलणार नाही कदाचित. त्याला वाटेल बायकोने सहा वर्षं फसवलं, आणि ते वाटणं अगदीच चूक नाही, तेवढं ऐकून घे. पण त्याच बोलण्यात त्याला विचार की गावी वर्षाला एकूण किती गेले. सांगता येणार नाही त्याला, मी पैजेवर सांगते. फोनपेची हिस्ट्री काढा दोघं बसून, वही घ्या. माझा अंदाज लाखाच्या आसपास. आणि मग आकडा ठरवा, महिन्याला ५ हजार, वर्षाचे ६०, ते दर महिन्याला पाठवायचे नाहीत, आरडीत टाकायचे आणि मे महिन्यात एकरकमी द्यायचे, पेरणीला. मधल्या फोनला उत्तर एकच, आरडी आहे, मेमध्ये. दवाखाना असेल तर गोष्ट वेगळी. गावी हे त्याने सांगायचं, तू नाही, नाहीतर शहरात जाऊन सुनेने पोराला बदलवलं हे पारावर तयारच असतं.

८० हजारांचं म्हणशील तर त्याने या रविवारी गावी जावं आणि वडिलांसोबत तीन कागद बघावेत, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, कृषी केंद्राची बाकी, आणि हातउसने कोणाचे किती. ओसरीतल्यातला निम्मा कापूस आजच्या भावाने विकून टाकायचा, त्यातून आधी शेकडा तीनवाला मिटवायचा. उरलेला ठेवायचा असेल तर ठेवू दे सासऱ्यांना, आशेला पण थोडी जागा लागते. पोतीचा विषय त्यानंतर निघाला तर बघू.

आणखी एक, पटकन सांगते. नवऱ्याच्या बँक खात्यावर ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा आणि २० रुपयांचा अपघात विमा चालू आहे का बघ, दोन्हीत २-२ लाखांचं संरक्षण आहे आणि मे संपताना खात्यातून पैसे कापतात, तेव्हा खात्यात तेवढे ठेव. त्याचं रोज बाइकवर एमआयडीसीला जाणं-येणं आहे आणि घर त्याच्यावर चालतंय.

बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल, पण कोठीतले ३२ हजार उद्याच्या उद्या काढ. सासूबाई येतायत ना ज्वारी वाळत घालायला!