नाशिकमध्ये पंचवीस वर्षांचं घर आहे, पावसाळ्यात खिडकीतून पाणी येतं. सगळ्या खिडक्या काढून स्लायडिंग बसवावं का?

सगळ्या बदला, असं तुम्हाला कोणी सांगितलं? बहुतेक ज्याला ते काम मिळणार आहे त्यानेच.

पाणी येतंय एवढ्यावरून खिडकी बदलायची नसते. ते कुठून येतंय हे नक्की कळेपर्यंत एक रुपया खर्च करू नका. इतकं ठासून सांगते, कारण आमच्याकडे याच विषयावरून जे झालं त्याला बरीच वर्षं झाली, तरी घरात कुठलंही कार्य निघालं की माझे धाकटे दीर तो विषय काढल्याशिवाय जेवायला बसत नाहीत.

आमचं घर सिडकोत. खालचा मजला मूळ स्कीमचा, लोखंडी खिडक्यांचा. वरचा नंतर चढवलेला, त्याला सागवानी खिडक्या. भद्रकालीतला वाडा पाडला तेव्हा वाटणीत आमच्याकडे आल्या त्या. डांगातलं लाकूड आहे, असं सासरे सांगायचे. वरची पश्चिमेची खोली सासूबाईंची. एका आषाढात अशी झड लागली की सूर्य दिसेना, आणि त्यांच्या पलंगामागची भिंत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून भिजायला लागली. रंगाचे पोपडे, गादीची कड ओली, कपाटात कुबट वास.

भाऊजी बघायला आले. ते साइटवर सुपरवायझर होते, त्यामुळे घरात विटा-सिमेंटचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चौकटीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "वहिनी, ही आता संपली. सगळ्या काढा, अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग टाकू. माझा माणूस आहे, आपल्याकडून जास्त घेणार नाही." आमचे हे मान डोलवत होते. भावासमोर ते नेहमीच डोलवतात.

मी म्हटलं, "भाऊजी, पाणी खिडकीतूनच येतंय हे कशावरून?"

"मग काय भिंतीतून येतंय?" असं म्हणून हसले.

दोन दिवसांनी उघडीप मिळाली. आमच्याकडे घरं इतकी चिकटून आहेत की शेजारच्या गच्चीवरून आमच्या खिडकीवर पाइप मारता येतो. मुलाला तिथे उभं केलं, आत मी टॉर्च घेऊन बसले. आधी खिडकीखालच्या भिंतीवर पाणी, मग चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर, मग तावदानांवर, आणि सगळ्यात शेवटी छज्ज्यावर. खालून वरच जायचं. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. आणि प्रत्येक जागी पाणी बराच वेळ धरायचं, एक फवारा मारून पुढे सरकायचं नाही.

भिंत कोरडी. सांधा कोरडा. तावदानांवर मारलं तेव्हा झडपेच्या फटीतून थोडे थेंब आले, ते चौकटीवरच थांबले. छज्ज्यावर मारलं, आणि जरा वेळाने चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टरमागून एक बारीक ओघळ निघाला. चौकटीच्या कडेकडेने खाली आला आणि बरोबर भिजलेल्या जागी मुरला. छज्जा भिंतीला मिळतो तिथे लांबलचक चीर होती. शिवाय छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेशी, पाणी तुटून पडायला खाचच ठेवलेली नव्हती. त्यामुळे पाणी टपकायच्या ऐवजी खालून उलटं भिंतीकडे धावत होतं.

मिस्त्रीने चीर खोदून भरली, वरून वाटा मारला, म्हणजे सांध्यात सिमेंटचा गोलसर उतार दिला, आणि कडेला खाच पाडली. सगळं मिळून एका नव्या खिडकीइतकाही खर्च आला नाही. खिडकी आजही तिथेच आहे. भाऊजींनी मात्र मनाला लावून घेतलं. त्यांनी बहुधा त्यांच्या माणसाला शब्द देऊन ठेवला होता.

आता तुमचं. चौकट गेली की खिडकी बदलायची. काच, बिजागरी, कडी, रोलर, रबर, ब्रश हे सगळं सुटं मिळतं आणि सुटं बदलता येतं. लाकडी चौकट असेल तर खालच्या कोपऱ्यात, उभं आणि आडवं लाकूड मिळतं तिथे, स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. खसकन आत गेला आणि भुसा निघाला तर ती गेली, वरून रंग कितीही चकचकीत असो. टणक लागला तर रंग उडालेला असला तरी लाकूड शाबूत आहे. भिंतीतून चौकटीकडे मातीच्या रेघा येताना दिसल्या तर आधी वाळवीचा बंदोबस्त, मग पुढचं बोलणं. लोखंडी असेल तर खालची पट्टी बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. पट्टी फुगते, काचेला दाबते, आणि कोणी हात न लावता कोपऱ्यातून काच तडकते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं तेच झालं. नवी काच घातली, तीही तडकली. ती खिडकी मी कोणी न सांगता बदलली. त्यावर भाऊजी म्हणाले, "बघा, शेवटी बदललीच ना!" एक बदलली, भाऊजी.

तीसुद्धा स्लायडिंग नाही, झडपांची केली. दोन ट्रॅकची स्लायडिंग उघडून उघडून अर्धीच उघडते. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की अर्ध्या खिडकीने काय होतं ते ज्याने भाजल्यात त्यालाच माहीत.

आणखी एक प्रकार नाशिकमध्ये घरोघरी चालतो. पावसात लाकडी झडप फुगते, लागत नाही, मग सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. शुद्ध गाढवपणा. लाकूड दिवाळीनंतर आटतं आणि तिथे बोटभर फट पडते. आपलं शहर ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. कडाक्याच्या थंडीत निफाडकडे द्राक्षवाले बाग वाचवायला शेकोट्या पेटवतात, त्या रात्री त्या फटीतून काय वारा येतो ते अनुभवून बघा. मग लोक म्हणतात, खिडकी जुनी झाली, बदला. झडप कुठे घासते तिथे पावसाळ्यात नुसती पेन्सिलने खूण करा आणि थांबा. लाकूड सुकलं की तिची वरची आणि खालची कड रंगवून घ्या. रंगारी या दोन कडा हमखास सोडतात आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. तरीही पुढच्या पावसात अडकली तर खुणेपुरतं तासा, जास्त नाही.

आता स्लायडिंगचं. भाऊजींनी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला आणि हॉलला भिंतभर स्लायडिंग केली, अर्थातच त्यांच्या माणसाकडून. पहिल्याच पावसाळ्यात ट्रॅक भरून पाणी सोफ्याखाली. जाऊबाई जूनपासून जुन्या चादरींच्या वळकट्या करून लावत होत्या. गौरी-गणपतीला गेले तेव्हा बघितलं. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात, ती त्या माणसाने सिलिकॉनने लिंपून टाकली होती. मी म्हटलं, "भाऊजी, ही भोकं उघडा." म्हणाले, "कंपनीकडून तसंच येतं." मी जाऊबाईंकडून स्वेटरची सुई मागितली आणि एक भोक टोकरलं. तुंबलेलं पाणी गुळगुळ करत बाहेर गेलं. भाऊजी तेव्हा आरतीची तयारी करायला आत निघून गेले. ही गोष्ट ते कार्यात कधीच सांगत नाहीत, म्हणून इथे लिहिली.

तुमच्याकडे आधीच स्लायडिंग असेल तर आज जाऊन ती भोकं बघा. २०२७ च्या कुंभासाठी शहरात ठिकठिकाणी खोदकाम चालू आहे. ती धूळ आधी ट्रॅकमध्ये बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन भोकं बुजतात.

स्लायडिंगच्या विरोधात मी आहेच, पण एक कबूल करायला हवं: बाहेर पेटीसारखं ग्रिल आणि आत डासांची जाळी, दोन्ही पाहिजे असेल तर झडपांच्या खिडकीची पंचाईत होते. घरात लहान मूल असेल आणि गज चौकटीत हलत असतील तर माझं काही ऐकू नका, ती खिडकी या आठवड्यात काढा. आपल्या द्वारका चौकासारख्या ठिकाणी हायवेला लागून राहत असाल तर आवाजाला जुन्या लाकडी खिडकीकडे उत्तर नाही. तिथे रबराची घट्ट बसणारी, जाड काचेची खिडकी घ्या, पण झोपायच्या खोलीपुरती. फ्लॅट असेल तर बाहेरचं रूप बदलण्याआधी सोसायटीची परवानगी लागेल.

बदलायचीच ठरली तर काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे प्लास्टर आणि रंग सुकायला उन्हाळा मिळतो. भाव स्क्वेअर फुटावर सांगतील, तुम्ही सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची, जाडी आणि वजन विचारा आणि बिलावर लिहून घ्या. खिडकीखालच्या दगडाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, हे पैसे देण्याआधी त्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा. मे महिन्यापर्यंत थांबू नका. तेव्हा फॅब्रिकेटर फोन उचलत नाही, आणि उचललाच तर पावसाच्या आत संपवायच्या घाईत दिसेल तिथे सिलिकॉन थापतो, भोकांवरसुद्धा.