पेरेंट, पितर आणि घोणस

प्रश्न असा आलाय की 'पेरेंट' हा आपल्या 'पितर'वरूनच गेलाय ना, आणि एकट्या आईला 'पेरेंट्स' म्हटलं तर चालतं का. दुसऱ्याचं आधी उरकतो, नाही चालत. शाळांच्या ग्रुपवर सारखं वाचतो, "मी अमुकची पेरेंट्स बोलतेय", अहो तुम्ही एकट्या आहात, पेरेंट म्हणा, नाहीतर सरळ आई म्हणा की, कोण अडवतंय!

आता पितर. पिता, लॅटिन पातेर, इंग्रजी फादर ही एका कुळातली मंडळी, याबद्दल वाद नाही. पण पेरेंट त्या कुळातला नाहीच. तो आलाय लॅटिन 'पारेरे'वरून, म्हणजे विणं, जन्म देणं. त्यावरून 'पारेन्स', आणि फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत. म्हणजे मुळात बाळंत होते ती पेरेंट, बाप मागाहून पंगतीला बसला (लॅटिनमध्येच बसला, तिथे पारेन्स दोघांनाही चालतो). बाळंतपणानंतरच्या काळाला डॉक्टर पोस्टपार्टम म्हणतात, त्यातलं पार्टमही हेच. सगळं जग संस्कृतातून निघालं म्हणणाऱ्यांना प, र, त दिसले की पुरे, मग परीटही पितरच म्हणायचा का?

खरी मजा 'व्हायपर'मध्ये आहे, म्हणजे घोणस ज्या विषारी सापांच्या कुळातली त्यांच्या इंग्रजी नावात. लॅटिन 'विपेरा' म्हणजे 'विवुस', जिवंत, अधिक तोच आपला 'पारेरे', जिवंत पिल्लं विणारी! आपली घोणस बघा ना, नाग, मण्यार, धामण अंडी घालतात आणि ही बया थेट पिल्लंच देते, एका वेळी वीस-तीससुद्धा, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली, तो फाडून बाहेर आलं की विषासकट दंश करायला तयार. कोकणातलं फुरसंही तसंच. म्हणून गावाकडे 'घोणस व्याली' म्हणतात. काही कोशकार या व्युत्पत्तीला भीत भीत 'बहुधा' चिकटवतात, चिकटवू देत बापडे. काही व्हायपर अंडी घालतात हे मलाही ठाऊक आहे, पण रोमन शेतकऱ्याच्या बांधावर जो फिरायचा तो इटलीतला व्हायपर पिल्लंच देतो, आणि नाव ठेवणारा आपल्या बांधावरचा साप बघून ठेवणार, लांबचे साप तपासत बसणार नाही. व्हायपर आणि पेरेंट हे शब्द सख्ख्या बहिणी, माझ्यापुरता विषय संपला.

हां, पितर कुठेच नाही असंही नाही. कायद्यात 'पारेन्स पात्रिए' म्हणतात, शब्दशः देशाचा पालक, म्हणजे आपलं मायबाप सरकार. भोपाळ वायुगळतीनंतर १९८५ साली कायदा करून केंद्राने सगळ्या पीडितांच्या वतीने दावे लढवायचा हक्क स्वतःकडे घेतला तो याच तत्त्वावर, आणि सुप्रीम कोर्टाने १९८९ साली तो कायदा उचलून धरला. तर ज्यांना पितर हवाच आहे त्यांनी तो 'पात्रिए'मध्ये शोधावा, तो शब्द खरंच पातेरवरून आलाय.