राऊटरच्या आत ब्रिज, बाहेर राऊटिंग
अरे, आधी एक पक्कं लक्षात घे, घरच्या राऊटरच्या त्या एका डब्यात दोन वेगळी कामं चालतात. लॅन (घरातल्या नेटवर्कचे) पोर्ट आणि वायफाय आत ब्रिज केलेलं, म्हणजे एकाच नेटवर्कात जोडलेलं असतं, तिथे मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) बघूनच फ्रेम (डेटाचं पाकीट) पुढे जाते, म्हणून तुझा फोन (आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.२०) आणि प्रिंटर १९२.१६८.१.३० थेट बोलतात, राऊटिंगचा (एका नेटवर्कातून दुसऱ्यात पाठवण्याचा) संबंधच नाही. बाहेर वॅनकडे (इंटरनेटच्या बाजूला) जायचं असेल तरच आयपी बघून राऊटिंग आणि नॅट (घरातले आयपी बाहेरच्या एका आयपीत बदलणं). ओपनडब्ल्यूआरटीत (राऊटरवर चालणारी लिनक्स प्रणाली) बीआर-लॅन दिसतं ना, तोच हा ब्रिज, आयपी त्याला असतो, एकेका पोर्टला नाही, इथेच बहुतेक नवीन माणसं अडकतात.
आणि दुसरा राऊटर नुसता वायफाय वाढवायला लावतोयस तर केबल त्याच्या लॅन पोर्टात घाल, त्याआधी त्याचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) बंद कर नि आयपी बदल, म्हणजे पहिल्या राऊटरशी टक्कर होणार नाही. वॅनमध्ये घातलीस की डबल नॅट, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं, मग प्रिंटर शोधत बसशील.