परक्या देशातलं युद्ध पोसणाऱ्यांवर आर्थिक निर्बंध लावून काही होतं का, की झळ शेवटी सामान्य माणसालाच बसते?

होतं. आणि झळही बसते. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सुदानमध्ये अमेरिकेनं कंपन्यांवर, सेनापतींवर निर्बंध लावले तरी लढाई चालूच आहे, मग हा देखावा कशाला. हे वाक्य मी आमच्या घरात जेवणाच्या ताटावर कितीदा तरी ऐकलंय, फक्त सुदानच्या जागी रशिया असायचा. म्हणून सविस्तर लिहिते.

मी तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो म्हणजे माल रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, सीएचएशी म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाशी फोनाफोनी, बँकेचा पत्रव्यवहार. माझे दीर बागायतदार आहेत आणि त्यांचा माल आमच्याच पॅकहाऊसला येतो. त्यामुळं बाजारात जे काही बिनसेल त्याचा जाब मला ऑफिसात द्यावा लागतो आणि घरीही.

२०२२ चा हंगाम आमच्या भागातलं कुणी विसरणार नाही. आधी डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळीनं बागा झोडपल्या. फुलोऱ्यात असलेल्या बागांची गळ झाली, घड कुजले, डाऊनी ह्या बुरशीच्या रोगावर फवारण्या करून करून लोक मेटाकुटीला आले. त्यातनं जो माल वाचला तो चांगला होता आणि रशियाचं गिऱ्हाईक आमच्या भागाला बरं पडतं. काढणी ऐन भरात आली आणि २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनमध्ये फौजा घातल्या. आमचे कंटेनर तेव्हा समुद्रात होते. १ मार्चला मोठ्या जहाज कंपन्यांनी रशियाचं नवीन बुकिंग थांबवलं. अन्नधान्य आणि औषधं वगळून, असं त्यांनी लिहिलं होतं, पण युरोपच्या बंदरांत रशियाला जाणारा प्रत्येक डबा तपासणीला अडकला तर त्या वगळण्याचा उपयोग काय? द्राक्ष शून्य अंशावर, पेटीत सल्फरचा पॅड घालून पाठवतात. तरी त्याला दिवस मोजलेले असतात. १२ मार्चला युरोपनं रशियाच्या सात बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-यंत्रणेतून काढल्या आणि आमच्या खरेदीदाराची बँक त्या सातांतली निघाली.

मग माझ्या टेबलावर काय आलं ते सांगते, कारण टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांनी हा भाग कधी बघितलेला नसतो. खरेदीदारानं दुसऱ्या बँकेतून पैसे पाठवले, जी निर्बंधांच्या कुठल्याही यादीत नव्हती. ते डॉलर न्यूयॉर्कमधल्या मधल्या बँकेनं धरून ठेवले. तिनं मुंबईच्या बँकेला विचारलं, मुंबईनं आम्हाला. एक फॉर्म आला. मालाचं वर्णन, जहाजाचं नाव, त्याआधी ते जहाज कुठल्या बंदरात लागलं होतं, खरेदीदार कंपनीचे मालक कोण, कुणाचा किती टक्के हिस्सा. हा शेवटचा प्रश्न बिनकामाचा नाही. अमेरिकेचा नियमच आहे की यादीतल्या माणसांचा मिळून पन्नास टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर ती कंपनी यादीत नसली तरी तिला निर्बंध लागू होतात. आणि खाली एक रकाना, मालाचा अंतिम उपयोग काय. मी लिहिलं, खाण्यासाठी. ताजं फळ आहे, दुसरं काय लिहिणार?

फॉर्म दिला, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती दिली, फायटो दिलं. मुंबईतून साहेबांचा फोन, की मॅडम, रशियाचं नाव असेल तर सध्या आम्ही हात लावत नाही. मी म्हटलं, कुठल्या नियमानं? त्यांच्याकडं नियम नव्हता, धास्ती होती. युद्ध सुरू झालं त्याच दिवशी अमेरिकेच्या अर्थखात्यानं शेतमाल आणि औषधांच्या व्यवहाराला मोकळीक देणारा परवाना काढला होता, जनरल लायसन्स ६ म्हणतात त्याला. तो मी रात्री बसून शोधला, छापला, त्यातली शेतमालाची ओळ अधोरेखित केली आणि बँकेला पाठवला. वर लिहिलं की आता माझ्या बागायतदारांचे पैसे का अडवलेत ते लेखी द्या. लेखी त्यांनी काही दिलं नाही. पण फाइल हलली. पैसे दोन तुकड्यांत आले, दुसरा तुकडा आला तेव्हा खरड छाटण्या होऊन बागा पुन्हा हिरव्या झाल्या होत्या. मला त्या कागदाचा आजही अभिमान आहे, आणि तो ठेवणार.

मधल्या काळात बागायतदारांचं काय झालं ते मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये आलं नाही. मार्चअखेर, सोसायटीची वसुली, औषध दुकानदाराची उधारी, लेबर टोळीची मजुरी. लोक ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. एक काका रोज सकाळी यायचे, चहा घ्यायचे नाहीत, मी मान हलवली की उठून जायचे. त्यांच्या पोरीचं लग्न काढलेलं होतं.

आणि ह्या सगळ्यात आणखी एक गोष्ट घडली, जिचा मला खरा संताप आहे. ज्यांचा एक बॉक्ससुद्धा रशियाला गेला नव्हता अशा व्यापाऱ्यांनी पण बागायतदारांना सांगितलं, पैसे रशियात अडकलेत, युद्ध संपू द्या. माल गेला होता लोकल मार्केटला. युद्धाच्या नावावर त्यांनी बिनव्याजी भांडवल वापरलं आणि काही जण तर गाव सोडून गेले. भाऊजी तेव्हापासून म्हणत आलेत की निर्बंध हे एक नाटक आणि आमचे व्यापारी त्यातले नट. दुसरा भाग मला मान्य आहे. पहिला नाही.

त्यांचं म्हणणं असं, की पुतीनचा आणि आपल्या द्राक्षाचा काय संबंध? अमेरिकेनं २००३ साली इराकवर हल्ला केला तेव्हा तिच्यावर कुणी लावले निर्बंध? बरोबर आहे, कुणी लावले नाहीत. पण म्हणून दुसऱ्या कुणावरच लावू नयेत हे त्यातनं निघत नाही. चोर सुटला म्हणून फौजदारी कायदाच मोडीत काढायचा, असं आपण इथं तरी म्हणत नाही. मी त्यांना दरवेळी एकच विचारते. परक्या देशात युद्ध पेटवणाऱ्याला अडवायचं असेल तर मार्ग किती आहेत? एक तर फौज पाठवा, नाही तर निषेधाचं पत्रक काढा. ह्या दोहोंच्या मध्ये पैशाची वाट बंद करणं एवढंच उरतं. ते भाऊजींना नको असेल तर फौज पाठवायला आपण तयार आहोत का?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते. काम झाल्याचं उदाहरण हवं तर लायबेरिया बघा. तिथला अध्यक्ष चार्ल्स टेलर शेजारच्या सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना शस्त्रं द्यायचा आणि बदल्यात हिरे घ्यायचा. लोकांचे हातपाय तोडणारे बंडखोर ते. २००१ मध्ये सुरक्षा परिषदेनं लायबेरियाच्या हिऱ्यांवर बंदी घातली, २००३ मध्ये लाकडावर. ऑगस्ट २००३ मध्ये टेलर पायउतार झाला आणि २०१२ मध्ये विशेष न्यायालयानं त्याला ५० वर्षांची शिक्षा दिली. एकट्या निर्बंधांनी झालं असं मी म्हणत नाही. सिएरा लिओनमध्ये ब्रिटिश फौज उतरली होती आणि लायबेरियातले बंडखोर राजधानीपर्यंत पोचले होते. पण हिरे-लाकडाचा पैसा आटला नसता तर तो इतक्या लवकर उठला नसता, असं माझं मत आहे. युद्ध पोसणारा माणूस कोण आणि त्याचा पैसा कशातनं येतो हे नेमकं धरलं होतं, म्हणून जमलं.

सुदानची गोष्ट उलटी आहे. १९९७ पासून २०१७ पर्यंत अमेरिकेनं अख्ख्या देशावर सरसकट निर्बंध ठेवले. त्याचा त्रास साध्या व्यापाऱ्याला झाला, सत्तेवरचा बशीर तर २०१९ पर्यंत खुर्चीवर होता. त्या निर्बंधांतून एक चीज वगळलेली होती, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, कारण अमेरिकेच्या शीतपेयांना आणि गोळ्या-चॉकलेटांना तो लागतो. म्हणजे ज्याची गरज मोठ्याला आहे त्याला वाट ठेवली जाते, आणि ती वाट नीट चालतेसुद्धा. मग द्राक्षाच्या वाटेवरच बँका का अडून बसतात?

एप्रिल २०२३ मध्ये सुदानचा लष्करप्रमुख बुरहान ह्याची फौज आणि दुसरा सेनापती हेमेदती ह्याचं निमलष्करी दल एकमेकांवर उठले. १ जूनलाच अमेरिकेनं चार कंपन्यांवर निर्बंध लावले, दोन इकडच्या, दोन तिकडच्या. त्यात हेमेदतीच्या घराण्याची सोन्याची कंपनी होती आणि एक दुबईकडची, गाड्या पुरवणारी. जानेवारी २०२५ मध्ये खुद्द दोघा सेनापतींची नावं यादीत गेली. रोख बरोबर होता, पण लढाई थांबली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफूरमधलं अल फाशिर शहर हेमेदतीच्या दलाच्या हाती पडलं आणि तिथं जे झालं ते वाचून झोप लागत नाही. कारण सुदानचं सोनं संयुक्त अरब अमिरातीत विकलं जातं आणि सोन्याला स्विफ्ट लागत नाही. ते वितळलं की कुठल्या खाणीतलं, कुणाच्या रक्तातलं, कुणी विचारत नाही. हेमेदतीच्या दलाला शस्त्रं पुरवल्याचा आरोप अमिरात नाकारते. पण तिथल्या सराफी बाजारावर बडगा उगारायचा तर अमेरिकेचा स्वतःचाच मित्र दुखावतो, म्हणून सगळे कडेकडेनं चालतात. तुम्ही नाटक म्हणायचंच असेल तर ह्याला म्हणा. सेनापतीचं नाव यादीत घालायचं आणि त्याचं सोनं घेणाऱ्याला हात लावायचा नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. निर्बंध नाव घेऊन लावा, मधल्या खरेदीदारावर लावा, आणि अन्न-औषधाची मोकळीक बँकेला तिच्या भाषेत, लेखी, शिक्का मारून द्या. मोकळीक कागदावर असून चालत नाही. बँकेतल्या माणसाला वाटतं, हो म्हटलं आणि चुकलं तर नोकरी जाईल, नाही म्हटलं तर कुणी काही विचारणार नाही. ही भीती काढल्याशिवाय द्राक्षवाला, औषधवाला दर युद्धात भरडला जाणारच. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २६६४ करून मदतकार्याला मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून सूट दिली. १४ मतं बाजूनं होती, भारत तटस्थ राहिला. दहशतवादी संघटना ह्या सवलतीचा फायदा घेतील असं आपलं म्हणणं होतं, आणि शेजार बघता ते खोटं नाही. पण व्यापारातल्या अन्नधान्यासाठी आपल्या सरकारनं बँकांना ठणकावून सांगायला हवं होतं. भारत सुरक्षा परिषदेचेच निर्बंध मानतो, एकट्या देशाचे नाही, असं आपण नेहमी सांगतो. मग मुंबईतली बँक न्यूयॉर्कच्या भीतीनं तासगावचे पैसे का अडवते? कारण डॉलर न्यूयॉर्कमधनं जातो. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रुपयात व्यवहार करायची सोय काढली, ती चांगली होती, पण आमचा हंगाम संपल्यावर आली.

बागायतदार वाचत असतील तर त्यांना सांगते, कारण हेच मी भाऊजींना सांगून थकले. व्यापारी म्हणाला 'पैसे रशियात अडकलेत', की बिल ऑफ लेडिंगची प्रत मागा. त्यावर कंटेनर नंबर असतो, तो कुठं पोचला ते मोबाइलवर बघता येतं. कागद दाखवत नसेल तर पैसे रशियात नाहीत, त्याच्या खिशात आहेत. आणि सौद्याच्या वेळी नुसता दर ठरवू नका, पैसे कुठल्या बँकेतून, कुठल्या चलनात येणार ते लिहून घ्या. युद्ध चालू असलेल्या देशात माल जाणार असेल तर निम्मे आधी घ्या. 'घरचा माणूस आहे' म्हणून सोडू नका.

तेलाचं म्हणाल तर आपण रशियाचं तेल भरपूर घेतलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं त्यासाठी आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क बसवलं. त्याची बाजू मी घेत नाहीये. युद्ध पोसणाऱ्याला सोडून कोळंबीवाल्याला आणि कापडवाल्याला दंड करणं हे मी वर लिहिलेल्या सगळ्याच्या उलट आहे.

एक राहिलं. मी फळाच्या बाजूनं बघितलंय, औषधाच्या नाही. इराकमध्ये १९९० नंतर सरसकट निर्बंधांनी दवाखान्यांची जी दैना झाली तिच्यापुढं आमचं उशिरा आलेलं पेमेंट काहीच नाही, आणि तिथल्या कुणी ह्या प्रश्नाला 'सगळे निर्बंध बंद करा' असं उत्तर दिलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. भाऊजींशी मात्र घालणार. त्यांचे पैसे पूर्ण आले होते.