मलेशियात इंटरनेट सेवा सुरू करायला एमसीएमसीचा (तिथल्या संपर्क आणि मल्टिमीडिया आयोगाचा) कुठला परवाना लागतो?

तिथे 'टेलिकॉम' आणि 'टीव्ही' असे वेगळे परवाने नाहीत. 1998 च्या संपर्क आणि मल्टिमीडिया कायद्याने काम पाहून चार प्रकार केलेत: टॉवर, फायबर अशा सुविधांची मालकी, त्यावरून बँडविड्थ देणं, ग्राहकाला इंटरनेट किंवा कॉल विकणं, आणि प्रसारण.

घोळ इथेच होतो. दुसऱ्याच्या जाळ्यावरून नुसतं इंटरनेट विकायचं असेल तर तिसऱ्या प्रकारातली 'क्लास' नोंदणी (सगळ्यांना सारख्याच अटींची, साधी नोंदणी) पुरते. पण स्वतःची फायबर टाकलीत की पहिल्या दोन प्रकारांचे वैयक्तिक परवानेही (त्या-त्या कंपनीला स्वतंत्रपणे दिले जाणारे) घ्यावे लागतात. ते एमसीएमसीच्या शिफारशीवरून मंत्री देतात, मुदत साधारण 10 वर्षं. क्लास नोंदणी मात्र दरवर्षी करावी लागते; तारीख आधीच लिहून ठेवा.

दर ठरवताना सार्वत्रिक सेवा निधी विसरू नका. भारित निव्वळ महसूल (सेवेनुसार ठरलेला भार लावून काढलेला) वर्षाला 20 लाख रिंगिटवर गेला की त्याचे 6 टक्के भरायचे. दुर्गम भागातलं नेटवर्क याच पैशातून उभं राहतं, म्हणून मला ही तरतूद रास्तच वाटते. प्रसारण परवानाधारकांना ती लागू नाही.

1 जानेवारी 2025 पासून देशात 80 लाखांवर वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया आणि मेसेजिंग सेवांनाही क्लास नोंदणी सक्तीची झाली आहे.