‘आणविक चुंबक’ की ‘रेणुचुंबक’?

धंतोलीत शिकवणी घेणाऱ्या एका सरांनी विचारलंय: विद्युत क्षेत्राने ‘आणविक चुंबकां’चा स्पिन (कणाला चुंबक बनवणारा अंगभूत गुण) बदलता येतो, असं हिंदीत वाचलं. मुलांना सांगताना ‘अणुचुंबक’ म्हणू का? आणि स्पिनला काय म्हणू?

अणुचुंबक नको, सर. सकाळी हिंदी पेपर आणि दुपारी मराठी पुस्तक वाचणाऱ्या नागपूरकराला हा खड्डा हमखास लागतो. हिंदीतला ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. तिकडची ‘परमाणु ऊर्जा’ म्हणूनच इकडे ‘अणुऊर्जा’ होते. ‘आणविक चुंबक’ म्हटलं की मराठी माणसाला आधी अणुभट्टी आठवणार. इथे मामला गरीब बिचाऱ्या रेणूचा.

रेणू मूळचा धुळीचा कण. झरोक्यातल्या उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसतो तो त्रसरेणू. मराठीने असा शब्द उचलला हे मला फार आवडतं. शाळेत रेणुसूत्र, रेणुवस्तुमान आहेतच. त्याच चालीवर रेणुचुंबक. विशेषणच हवं असेल तर वायूचं वायवीय, तसं रेणूचं रेणवीय.

उदाहरणाला मँगनीजचे 12 अणू असलेला रेणू घ्या. पुरेसा थंड केला की एकेकटा रेणू आपली चुंबकीय दिशा धरून बसतो, हे 1993मध्ये दिसलं. आठ अणूंचे स्पिन प्रत्येकी 2, म्हणजे 16. उरलेल्या चौघांचे दीड-दीड, पण उलट दिशेने, म्हणजे 6. वजा जाता अख्ख्या रेणूचा स्पिन 10.

स्पिनला ‘फिरकी’ म्हणायचा मोह होतो. पण फिरकी म्हटलं की पोरं जामठ्याच्या खेळपट्टीवर पोचतात. शिवाय ही कल्पना 1925मध्ये मांडली गेली तेव्हाच अडचण निघाली होती: इलेक्ट्रॉन खरोखर गिरकी घेत असता, तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगाने धावला असता. जे फिरतच नाही त्याला फिरकी म्हणणं म्हणजे विद्यार्थ्याचीच फिरकी घेणं. ‘स्पिन’ राहू द्या.

खरी मेख क्रियापदात आहे. ‘विद्युत क्षेत्र स्पिन फिरवतं’ हे ढिलं वाक्य. चुंबकीय क्षेत्र स्पिनला थेट धरतं. विद्युत क्षेत्राचा हात तिथे पोचत नाही. ते रेणूतले भारित अणू किंचित सरकवतं, इलेक्ट्रॉनांचा ढग ओढतं. त्यातून स्पिनची पसंतीची दिशा किंवा शेजारच्या स्पिनशी असलेली बांधणी बदलते. रेणू मध्यबिंदूभोवती अगदी सममित असेल, म्हणजे प्रत्येक अणूच्या बरोबर समोर तसाच अणू असेल, तर क्षेत्राच्या प्रमाणात वाढणारा हा परिणाम उरतच नाही. त्रिकोणात अशी समोरासमोरची जोडी नसते; तांब्याच्या तीन अणूंच्या त्रिकोणी रेणूंकडे लक्ष गेलं ते म्हणूनच. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तर विद्युत क्षेत्र सुईच्या टोकाएवढ्या जागेत कोंडता येतं, चुंबकीय क्षेत्र मात्र पसरतं.

तेव्हा फळ्यावर लिहा: ‘विद्युत क्षेत्राने रेणुचुंबकातील स्पिनचा कल बदलतो.’ बाजूला हिंदीतला ‘आणविक’ही लिहा, पोरं घरी जाऊन हिंदी व्हिडिओच पाहणार आहेत.